पूल मजबूत, एका वेळी दोघांनी जावे

फोन तुम्ही ठेवलात, मामा, मी नाही. तेव्हा "हल्लीची मुलं बोलणं मध्येच तोडतात" हे जे तुम्ही नंतर आईला सांगितलंत ते आधी मागे घ्या. बोलणं माझं अर्धवट राहिलं होतं. "पूल नाही" एवढं बोलून झालं होतं आणि "पण आम्ही दोघी ठीक आहोत" हे यायचं होतं. ज्या माणसाने एकोणतीस वर्षं बस डेपोत बसून अख्ख्या गावाच्या बसच्या वेळा ठरवल्या, त्याला माझ्यासाठी आणखी चार सेकंद थांबता आलं नाही. दुसरं म्हणजे मी पडले नाही. मी ओढ्यात बसले. पडणं म्हणजे कळायच्या आत होतं ते. मला बसण्याआधी भरपूर वेळ मिळाला, हातातली पिशवी आईकडे फेकण्याइतका आणि तिने ती न झेललेली बघण्याइतका.

असो. या भानगडीत नमस्कार राहिलाच, तो इथे करते, वाकून, जितकं सध्या वाकता येतं तितकं. तब्येतीची चौकशी करायची रीत आहे म्हणून विचारते, गुडघा कसा आहे? कुठला ते लिहीत नाही, कारण या आठवड्यात कुठला दुखतोय ते मला माहीत नाही. गेल्या महिन्यात डावा होता, आईने सांधेदुखीचं तेल आणून दिलं तेव्हा तुम्ही उजव्याला चोळत होतात. (आई म्हणते, दादाचे गुडघे डेपोतल्यासारखी पाळी बदलतात.) इकडे आई ठीक, मी ठीक, माझा समोरचा एक दात अर्धा ठीक. दाताकडे नंतर येते.

आता मुद्दा. तुम्हीच शिकवलंय की वाटेबद्दल लिहायचं तर आधी आपण कुठे उभे आहोत ते लिहावं. तर मी गेल्या रविवारी सकाळी चप्पल-बूट दुरुस्तीच्या दुकानासमोर उभी होते, जिथे वरच्या खोलीत तुमचं डोंगर मंडळ भरतं आणि खाली जिन्याशी काचेची पेटी आहे. त्या पेटीत दर शुक्रवारी दुपारी तुमचं एक पान लागतं, 'वाटेची स्थिती'. एकोणीस वर्षं लागतंय. मला वाचायला शाळेने शिकवलं असं आई सांगत फिरते, पण 'निसरडे', 'सावधगिरी' आणि 'परतीचा विचार करावा' हे शब्द मी त्या पेटीला नाक लावून शिकले. काचेवर नाकाचा डाग पडायचा आणि तुम्ही तो रुमालाने पुसायचात, न रागावता, जणू तोही वाटेचाच भाग. त्यामुळे आईला जेव्हा वाटलं की मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात बसून, लोकांना "हे बरं दिसतं की हे" विचारून विचारून स्वतःच अंधुक दिसायला लागले आहे, आणि तिने "चल, पानगळ सुरू झाली, दादाच्या वाटेने वर जाऊन येऊ" असं म्हटलं, तेव्हा मी दुसरा नकाशा घेतलाच नाही. तुमचं पान उतरवून घेतलं. घरात तुमचं पान असताना नकाशा घेणं म्हणजे आपल्या घरच्या वैद्याला दुसऱ्याची चिठ्ठी दाखवण्यासारखं.

सुरुवात झकास झाली. पानावर 'पायथ्याशी फाटक, उघडल्यास पुन्हा लावावे' होतं आणि फाटक होतं. आईने ते दोनदा लावलं. मग 'पहिली चढण, १४ मिनिटे, पानांखाली दगड सुटे आहेत' होतं, तेही खरं. तुम्ही हे कधीकाळी किती नेमकं लिहिलं होतंत, मामा. पानगळीतली वाट वरून गालिचा दिसते आणि खाली नुसते गोटे असतात, एकेका पावलाला घोटा विचारतो, "नक्की ना?" आईचं म्हणणं की हे अगदी तिच्या सासरसारखं आहे. तिला चढावर बोलायला श्वास पुरत नाही असं ती म्हणते, पण सासरसाठी पुरतो.

मग पानावर आलं, 'उजव्या हाताला मधमाश्यांचं पोळं. बारा मिनिटे बोलू नये.' आम्ही बोललो नाही. आई बारा मिनिटं गप्प राहिली. मी घड्याळ बघत होते, माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडत होतं. पोळं मात्र नव्हतं. कड्यावर जुना काळपट डाग होता, पोळं कधीकाळी होतं त्याची खूण, आणि त्यावर कोळ्याने निवांत जाळं केलेलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मधमाश्या जातात येतात, त्यांना कोण विचारतं, असं म्हणून मी पुढे चालले. (पानात काहीही बदला, ही ओळ बदलू नका. तिचा उपयोग मधमाश्यांपुरता नाही.)

खरी गडबड पुढे झाली. पान म्हणतं, 'वाकलेल्या झाडावरील पांढऱ्या बाणाप्रमाणे डावीकडे वळावे.' वाकलेलं झाड शेवटचं वाकून आडवं झालंय, मामा. मूळ वर आलंय, माणसाच्या उंचीचं, मातीसकट. बाण आहे, तुमच्या हातचा, टोकाशी जरा जाड, पण खोड पडताना अर्धं फिरलं आणि बाण आता सरळ आभाळाकडे बघतो. आईने मान वर करून बराच वेळ आभाळ बघितलं. मी म्हटलं, "आई, झाड पडलंय." ती म्हणाली, "ते दिसतंय गं. पण दादाने लिहिलंय डावीकडे, म्हणजे डावीकडे काहीतरी असणार." डावीकडे काटेरी जाळी होती. मी म्हटलं, पान जुनं असेल. आई थांबली आणि तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी तुमच्या जन्मतारखेवर शंका घेतली. म्हणाली, "पान या शुक्रवारचं आहे, वर तारीख आहे. आपणच चुकीच्या डोंगरावर आलो असू."

हसू नका. कॉलेजात असताना मी इथे येऊन गेलेय, तरी यावर आम्ही दोन शहाण्या बायका, एक शिकलेली आणि एक तिला शिकवणारी, खरंच दहा मिनिटं बोललो, की हा डोंगर तोच आहे का. आणि बोलता बोलता मला समजलं की तुमच्या पानाबद्दल इतक्या दिवसांत कुणी ब्र का काढला नाही. मंडळातले जुने लोक वाचत नाहीत, त्यांचे पायच वाट ओळखतात, खड्डा आला की पाय आपोआप लांब पडतो. वाचतात ते नवे, आणि नव्यांना प्रत्येक वेळी असंच वाटतं की पान बरोबर आहे, आपणच चुकलो. तुमच्या डेपोतली गोष्ट तुम्हीच सांगायचात ना, कुणी तक्रार घेऊन आलं की तुम्ही त्याला बसवून, पाणी देऊन, शांतपणे सांगायचात, "वेळापत्रक चुकत नसतं, बस चुकते." मला तेव्हा ते फार भारी वाटायचं. रविवारी त्या आडव्या झाडावर बसून मला पहिल्यांदा त्या बसची दया आली.

झाडाला वळसा घालून, जाळीत आईची शाल अर्धी ठेवून, आम्ही ओढ्याशी पोचलो. इथे तुमचं सगळ्यात ठाम वाक्य आहे. 'लाकडी पूल मजबूत, एका वेळी दोघांनी जावे.' पुलाचे दोन खांब आहेत, मामा. अलीकडे एक, पलीकडे एक. मध्ये पाणी आहे. खांबांवर शेवाळ इतकं दाट आहे की पूल कालपरवा गेलेला नाही, त्याला पानगळी उलटल्यात. आई म्हणाली, "फळ्या काढून धुवायला नेल्या असतील." मी बूट काढले, दगडावर पाय ठेवला, दगडावर ओली पानं होती आणि पानांखाली काय होतं ते माझ्या पाठीला माहीत आहे. तर अशी मी बसले. पाणी इतकं गार होतं की पहिले दोन क्षण ते गरम वाटलं. गुडघ्यावर हनुवटी आपटून दात तुटला. आई काठावरून म्हणाली, "दोघांनी जावं असं स्पष्ट लिहिलं होतं, तू एकटी पुढे गेलीस."

मी ओढ्यात बसून हसले, मामा. ते तुम्हाला सांगायचं होतं फोनवर, "ठीक आहोत"च्या पुढचं वाक्य तेच होतं. तुम्ही आधी म्हणालात "पूल आहे", मी म्हटलं नाही, तुम्ही म्हणालात "तू भलतीकडे गेली असशील", आणि मी एकदम विचारलं, "तुम्ही शेवटचे वर कधी गेला होतात?" आणि तुम्ही फोन ठेवलात. ते तसं विचारायला नको होतं. कबूल करते. पण उत्तर मला त्याआधीच मिळालं होतं, आणि ते पुलापाशी नाही, त्याच्या वर मिळालं. तेवढं सांगते, मग या पत्रातली आदळआपट संपली.

ओढा ओलांडल्यावर (आईने तो माझ्या खांद्यावर हात ठेवून सहज ओलांडला, तिला ओला दगडसुद्धा घाबरतो) मला थंडी वाजत होती म्हणून भराभर वर जायचं होतं. तुमच्या पानावर ओढ्यापासून सपाट दगडापर्यंत सदतीस मिनिटं आहेत. मला ती नेहमीच जास्त वाटायची. कॉलेजात असताना मी तिथे वीस मिनिटांत पोचायचे आणि मनात म्हणायचे, मामा लोकांची काळजी म्हणून वाढवून लिहितात. या वेळी आई बरोबर होती. ती वळणावर थांबायची, कंबरेवर हात ठेवून दरीकडे बघायची, एक लाल पान उचलायची, ते पिशवीत घालायची, पुढच्या वळणावर ते काढून दुसरं घालायची. मी वैतागले होते. दगडापाशी पोचलो आणि मी घड्याळ बघितलं. सदतीस. मिनिटभरही इकडे तिकडे नाही. पान काढून मागचे आकडे बघितले, फाटक ते चढण, चढण ते कडा, पडलेल्या झाडाचा वेळ सोडला तर सगळे जुळत होते. सगळं बदललेलं, झाड, पोळं, पूल, आणि वेळा तेवढ्या जशाच्या तशा खऱ्या.

मी आईला म्हटलं, या कुणाच्या वेळा आहेत? मामा तर तेव्हा माझ्यापेक्षा जोरात चढायचे. आई दगडावर बसली होती, पिशवीतून संत्रं काढत होती. तिने वर न बघता सांगितलं, "या वहिनीच्या चालीच्या आहेत." मग म्हणाली, "खाली बघ काय लिहिलंय." खाली लिहिलं होतं, 'सपाट दगड. विश्रांती नऊ मिनिटे.' दर शुक्रवारी, एकोणीस वर्षं, नऊ. दहा नाही, पाच नाही. मला वाटायचं हा तुमचा डेपोचा स्वभाव. आई म्हणाली, "वहिनीला एक संत्रं सोलायला नऊ मिनिटं लागायची. पांढरी शीर एक ठेवायची नाही. दादा समोर उभा राहून घड्याळ बघायचा आणि ती मुद्दाम आणखी सावकाश सोलायची."

आम्ही तिथे नऊ मिनिटं बसलो. आईने संत्रं सोललं, शिरा तशाच ठेवल्या, ती म्हणाली वहिनीची सर मला नाही. खाली सगळं रान पिवळं होतं आणि वारा आला की एकदम हजार पानं सुटायची, जरा वेळ तरंगायची, आणि मग कुठल्या झाडाचं कुठलं ते कळायचं नाही. मामी गेल्या त्याला ही चौथी पानगळ. तुमचे गुडघेही चौथीच पानगळ दुखतायत. मला माहीत आहे हे असं जोडणं सोपं आहे, आणि मी चष्म्याच्या दुकानात असते, मला दोन काचा एकावर एक ठेवायची सवय आहे. पण दिसलं ते दिसलं. तुम्ही त्या वाटेने एकटे चढलात तर वीस मिनिटांत दगडापाशी पोचाल. आणि मग सतरा मिनिटं तिथे उभं राहून करायचं काय, हा प्रश्न मला पडला तर तुम्हाला नक्कीच पडला असणार. तुम्ही म्हणून जुनं पान काढता, तारीख बदलता, लावता. त्या पानावर पूल आहे, पोळं आहे, वाकलेलं झाड नुसतंच वाकलेलं आहे. मी तुमच्या जागी असते तर मीही त्या पानावर राहायला गेले असते.

फक्त एक अडचण आहे, आणि ती दातापासून सुरू होते. सोमवारी मी दात दाखवायला तुमच्या मंडळाच्या चिटणिसांकडेच गेले, गावात दुसरे दातवाले आहेत कुठे. तुम्हाला त्यांची सवय माहीत आहे, तोंडात दोन्ही हात घातले की ते गप्पा सुरू करतात. म्हणाले, येत्या रविवारी पानगळीची सामुदायिक चाल आहे, बेचाळीस नावं आलीत, निम्मी नवी, दोन तर सत्तरीची, सगळ्यांना तुमच्या मामांचं पान वाचूनच यायला सांगितलंय. मग म्हणाले, "तुम्ही कालच जाऊन आलात म्हणे. पूल कसा आहे?" मी म्हटलं, "आं." ते म्हणाले, "छान." मी पुन्हा, जोरात, "आं आं." ते म्हणाले, "बरंय, म्हणजे काळजी नाही." मग दाताला सिमेंट लावून त्यांनी तास-दोन तास तोंड उघडू नका असं बजावलं. मी उघडलं नाही. त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे. सिमेंट वाळल्यावर मला परत जाऊन खरं बोलता आलं असतं, दोन वाक्यांत. मी गेले नाही. कारण मग त्यांनी विचारलं असतं, मामांनी पान कसं लिहिलं, आणि त्याला "आं" चाललं नसतं. तेव्हा आता पूल आहे असं म्हणणारे आपण दोघं आहोत. एका वेळी दोघं. आणि रविवारी त्या ओढ्याशी बेचाळीस जण येणार, त्यातले सत्तरीचे दोघं आईसारखे नाहीत, ओले दगड त्यांना घाबरणार नाहीत.

म्हणून मी बुधवारी दुकानात, नंबर लिहायच्या कागदांच्या पाठीवर हे पत्र लिहितेय, मध्येमध्ये लोकांना अक्षरं वाचायला लावून. उद्या गुरुवार, मी रजा घेतलीय. तुमच्या गॅलरीतला पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश आईने मंगळवारी तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हाच उचलला. (ती याला चोरी मानत नाही, भावाचं ते बहिणीचं.) मी वर जाऊन पडलेल्या झाडाच्या अलीकडे नवा बाण काढणार आहे, ओढ्यावर वरच्या बाजूला जिथे पाणी पसरट आहे तिथे दगडांवर खुणा करणार आहे, आणि शुक्रवारी दुपारी नवं पान पेटीत लागेल. तुमच्याच नावाने लागेल. तुम्ही नाही म्हणालात तर माझ्या नावाने लागेल. पण लागेल. रागवायचं असेल तर पानात जागा ठेवते.

तुमची भाची, जी पडली नाही

ता. क. नवं पान सोबत जोडलंय, एक नजर टाका. पूल काढलाय, झाड काढलंय, पोळं ठेवलंय. वेळांना हात लावलेला नाही. बेचाळीस जणांनी मामींच्या चालीने जावं, कुणाचा दात तुटणार नाही. आणि सपाट दगडावर नऊ मिनिटंच आहेत.

ता. क. दुसरं. आता गुरुवार सकाळ आहे आणि मी तुमच्या दाराबाहेर, जिन्याच्या पायरीवर बसून हे लिहितेय. आत तुमचा रेडिओ लागलाय. घंटी वाजवत नाही. वरचं सगळं धीराचं लिहिलं ते खरं, पण त्यात एक खोटं आहे. ओढ्यावर वरच्या बाजूला पाणी पसरट आहे हे मला आईने सांगितलं, आईला कधीतरी तुम्ही सांगितलं होतं, मी ती जागा बघितलेली नाही. आणि मला बाण काढता येत नाही. काल कागदावर काढून बघितले, सगळे माशासारखे दिसतात. बेचाळीस माणसं माशामागे जाणार नाहीत. तुम्ही लावलेल्या वेळापत्रकात बस सात चाळीसची आहे. प्रत्यक्षात ती सात बावन्नला येते, म्हणजे तुमच्याकडे बूट घालायला अजून वेळ आहे. कुठलाही गुडघा चालेल. संत्री मी चार घेतलीत, सोलावी तुम्हालाच लागतील, माझ्याकडून शिरा राहतात.

ता. क. तिसरं. तुम्ही येणार नसाल तर वरचं काही वाचलं नाही असं समजा, मी काही म्हणणार नाही. पान फक्त आईकडे पाठवा, आणि पोळ्याची ओळ का ठेवलीय ते तिला सांगू नका. रेडिओ बंद झाला. तुमच्या चपला दाराकडे येतायत. कागद फटीतून सरकवतेय, मी बसथांब्याकडे निघाले.